पहिल्यांदाच मांसासाठी कोंबड्या पाळायच्या आहेत. पिल्लं आणण्याआधी काय काय ठरवून ठेवू?

कोवळं_ऊन
नमस्कार मंडळी. अंड्यांपुरत्या पाच-सहा कोंबड्या आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत, पण ब्रॉयलर कधी पाळलेले नाहीत. आता घरच्या खाण्यासाठी २५ पिल्लांची एक बॅच करायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. अंगणाच्या कडेला पत्र्याची रिकामी शेड आहे, लांबी पूर्व-पश्चिम, दोन्ही लांब बाजूंना जाळी. पिल्लं कधी आणावीत, ऊब किती दिवस द्यावी लागते, खाद्य किती लागेल, आणि आमच्या जुन्या कोंबड्यांबरोबर ती ठेवली तर चालतील का? शिवाय सासूबाईंचं ठाम म्हणणं आहे की इंजेक्शन दिल्याशिवाय कोंबडी दीड महिन्यात एवढी होतच नाही. त्यांना काय सांगू? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तूसकाडी
कोवळं_ऊन ताई, सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. पिल्लं आणायची तारीख ठरवण्याआधी ती कापायची तारीख ठरवा, आणि तिथून उलटं मोजत या. नवीन माणूस पिल्लांपासून सुरुवात करतो आणि सहाव्या आठवड्यात गडबडतो.

याचं कारण पक्ष्यातच आहे. ब्रॉयलरचं पिल्लू जन्मतः साधारण ४० ग्रॅमचं असतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्याचं वजन चौपटीच्या वर जायला हवं, आणि सहा आठवड्यांत ते अडीच किलोच्या आसपास पोचतं. या वाढीला त्याचं हृदय आणि पाय जेमतेम पुरे पडतात. सात-आठ आठवड्यांपुढे ठेवलात तर पक्षी बसून राहतो, छातीखालची कातडी सोलवटते, पाय वाकडे होतात, पोटात पाणी साठतं. 'आणखी दोन आठवडे राहू दे, मोठा होईल' हा विचार अंड्यांच्या कोंबडीला चालतो, इथे पक्ष्याचे हाल होतात.

आता हिशेब. २५ पक्षी म्हणजे सोललेलं, साफ केलेलं मांस साधारण ४० किलो. जिवंत वजनाच्या सत्तर-बहात्तर टक्के हातात येतं असं धरा. एवढं मांस ठेवायला तुमच्या फ्रिजमध्ये जागा आहे का? बहुतेक घरांत नसते. म्हणून एकाच दिवशी सगळे न कापता पाचव्या आठवड्याच्या शेवटापासून सातव्यापर्यंत दोन-तीन टप्पे पाडा. मोठे आधी काढा, मागे राहिलेल्यांना जागाही मिळते.

हंगाम ठरवतानाही शेवट बघा. थंडीतल्या पिल्लाला बल्ब लावून ऊब देता येते. दोन किलोच्या पक्ष्याला कडक उन्हाळ्यात थंड करणं मात्र फार अवघड. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा उपाय. त्यामुळे शेवटचे तीन आठवडे ऐन उन्हाळ्यात येणार नाहीत असं बघा.

खाद्याचं म्हणाल तर एका पक्ष्याला सहा आठवड्यांत साडेचार ते पाच किलो लागतं. पण ते सगळे दिवस सारखं लागत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लू जेमतेम दीडशे ग्रॅम खातं, आणि सहाव्या आठवड्यात रोजचे पावणेदोनशे ते दोनशे. तेव्हा २५ पक्षी दिवसाला पाच किलो संपवतात. शेवटच्या पंधरवड्याचं खाद्य घरात नसेल तर बॅचच सुरू करू नका.

रानवाट
+१, वाचनखूण साठवली. इंजेक्शनचा प्रश्न आमच्याही घरात आहे. कुणी नीट उलगडून सांगेल का?

पशुवैद्य_निवृत्त
सासूबाईंची शंका रास्त आहे. आधीच्या पिढीने पाहिलेली कोंबडी अशी वाढत नव्हती.

मांसाच्या कोंबड्यांना वाढीची संप्रेरकं दिली जात नाहीत. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात इतर प्रथिनांसारखं पचून जातं. परिणाम हवा असेल तर प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही, कारण वाढ पक्ष्याच्या वंशातच आहे.

ती तिथे आली निवडीतून. पूर्वी मांस म्हणजे अंड्यांच्या जातीतले जादा नर. १९४८ साली अमेरिकेत जास्त मांसल पक्षी कोण तयार करतो याची राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा झाली. तिथे कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींचा संकर अव्वल ठरला. पुढे कॉर्निशच्या बाजूचा नर आणि पांढऱ्या प्लायमाउथ रॉकच्या बाजूची मादी ही जोडी रूढ झाली, आणि पिढ्यान् पिढ्या भरभर वाढणारे, कमी खाद्यात जास्त मांस धरणारे पक्षीच पैदाशीला ठेवले गेले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली एक सुंदर तुलना प्रसिद्ध केली. १९५७ आणि १९७८ चे जपून ठेवलेले वंश आणि २००५ चा व्यापारी ब्रॉयलर, तिघांनाही एकाच पद्धतीने, एकच खाद्य देऊन वाढवलं. ५६ व्या दिवशी सरासरी वजनं भरली अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, फरक फक्त वंशाचा. सासूबाईंना हे आकडे दाखवा.

शेडमध्ये तुम्हाला जे थेंब किंवा इंजेक्शनं दिसतात ती लस असते. प्रतिजैविकांचा प्रश्न मात्र वेगळा आणि खरा आहे. आजार नसताना ती खाद्यातून देऊ नयेत, आणि दिली तर औषध बंद केल्यापासून कापेपर्यंत जितके दिवस थांबायला सांगितलं असेल तितकं थांबलंच पाहिजे. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचा. रक्ती हगवण रोखणारं औषध बऱ्याच खाद्यांत मिसळलेलं असतं. शेवटच्या दिवसांत त्याशिवायचं खाद्य मागून घ्या.

खुराडं
मी ब्रूडिंगबद्दल, म्हणजे पिल्लांना सुरुवातीला ऊब देऊन सांभाळण्याबद्दल लिहिते, कारण बॅच बिघडते ती बहुतेक पहिल्याच आठवड्यात, आणि ते लक्षात येतं पाचव्यात.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच शेड तापवून ठेवा. हवा गरम आणि खालचं तूस गार, असं झालं तर पिल्लाचे पाय गार पडतात आणि ते खायला उठतच नाही. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. गुळगुळीत कागदावर पिल्लं ठेवू नका, पाय फाकतात. भोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, २५ पिल्लांना चार-पाच फूट व्यासाचं पुरतं. गोलच हवं. कोपरा असला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. पिसं भरली की, तीन-चार आठवड्यांनी, बाहेरची हवा ठीक असेल तर ऊब बंद. ढोबळ हिशेब पिल्लामागे दोन वॅट, पण तो जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बचा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. एक मोठा बल्ब लावण्यापेक्षा दोन लावा, एक गेला तरी रात्र निभते.

थर्मामीटर लावाच, पण खरी खूण पिल्लंच देतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर गारठा आहे. कड्याला चिकटून, पंख सोडून, चोच उघडी ठेवून असतील तर ऊब जास्त. सगळी एका बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, हलका आवाज, म्हणजे जमलं.

पिल्लं आली की आधी पाणी, पाणी पिऊन झालं की दोनेक तासांनी खाद्य. पाणी कोमट. पाच-सहा पिल्लांची चोच पाण्यात अलगद बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. खाद्य पहिल्या दिवशी खरबरीत कागदावर पसरून द्या.

आणि हे करायला अजिबात विसरू नका. पहिल्या रात्री झोपण्याआधी पिल्लं एकेक करून हातात घ्या. गळ्याखाली, छातीच्या किंचित उजवीकडे अन्नाची पिशवी असते, तिथे अंगठा आणि तर्जनीने हलकेच चाचपा. मऊ, भिजलेल्या पिठासारखी गोळी लागली तर पिल्लाने खाल्लंय आणि प्यायलंयही. कडक, दाणेदार लागली तर खाल्लंय पण पाणी सापडलेलं नाही. फुग्यासारखी लागली तर नुसतं पाणी प्यायलंय. काहीच लागलं नाही तर त्या पिल्लाला उचलून भांड्याजवळ ठेवा, चोच बुडवा, तासाभराने पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत जवळजवळ सगळ्यांची पिशवी भरलेली हवी. २५ पिल्लांना पाव तास लागतो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं आणि वरून धडधाकट दिसतं. न खाणारं पिल्लू नुसतं बघून कळत नाही, हातालाच कळतं.

कोवळं_ऊन
खुराडं ताई, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. आमच्याकडे रात्री वीज जाते, कधी दोन-दोन तास. कोळशाची शेगडी ठेवली तर?

खुराडं
बंद जागेत कोळसा नकोच. जाळीवर पडदे सोडलेले असतात, कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. पिल्लं तर जातीलच, बघायला आत गेलेल्या माणसालाही धोका. त्यापेक्षा जाड बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा आणि कडं लहान करा. कड्यावर पोतं टाका, पण हवेला एक बाजू उघडी ठेवून. वीज आली की पाण्याची भांडी तपासा, अंधारात घाबरून पिल्लं त्यात पडलेली असतात.

तूसकाडी
पडद्यांवरून आठवलं. ऊब टिकावी म्हणून लोक पडदे घट्ट लावतात आणि आत विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू कोंडतो. शेडमध्ये उभ्याने श्वास घेऊ नका, खाली बसून, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर घ्या. डोळे चुरचुरले तर पक्षी तेच चोवीस तास सोसतोय. हवेत दहा लाखात २५ भागांच्या वर अमोनिया गेला की डोळे आणि श्वासनलिका दोन्ही बिघडायला लागतात. पडदा वरून थोडा उघडा असावा, खालचा वारा थेट पिल्लांवर येऊ नये.

तूस मुठीत घेऊन दाबा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त आहे. मूठ उघडल्यावर हलकेच सुटला तर ठीक. अजिबात चिकटलं नाही तर धूळ उडेल. ओल बहुतेक पाण्याच्या भांड्यांभोवतीच असते, म्हणून भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि पक्षी वाढेल तशी वर करत जा. भिजलेलं तूस त्याच दिवशी काढून कोरडं टाका. रोज खोऱ्याने तूस वरखाली करणं कंटाळवाणं आहे, पण निम्मे आजार तिथेच थांबतात.

पशुवैद्य_निवृत्त
तूसकाडींच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. रक्ती हगवणीचा जंतू विष्ठेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच रोग करत नाही. उबदार, ओल्या तुसात दोन-एक दिवसांत तो तयार होतो आणि मग दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जातो. तूस कोरडं ठेवलं की त्याची साखळी तुटते. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात जास्त जपा. पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभा आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पाण्यातून द्यायचं औषध आहे, वेळेत दिलं तर बॅच वाचते.

जुन्या कोंबड्यांचं: एकत्र नकोच, शेजारीही नको. मोठी कोंबडी अनेक जंतू आजारी न पडता वागवते, पिल्लू त्यातच मरतं. रोज आधी पिल्लांचं काम करा, मग कोंबड्यांचं, आणि शेडची चप्पल वेगळी ठेवा. खाद्यही अदलाबदल करू नका. अंड्यांच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. ब्रॉयलरला पहिले दहा दिवस २२-२३ टक्के प्रथिनांचं बारीक भरडलेलं, मग २०-२१ टक्क्यांचं, शेवटी १८-१९ टक्क्यांचं गोळी खाद्य, असा क्रम असतो.

लसी: मरेक्स या विषाणूच्या आजाराची लस उबवणीतच दिलेली आहे का ते पिल्लं घेताना विचारा. राणीखेत, म्हणजे मानमोडी, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब. गंबोरो या दुसऱ्या विषाणूच्या आजाराची लस साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी. पुढचा राणीखेतचा डोस डॉक्टर सांगतील तसा. पाण्यातून लस द्यायची असेल तर पाण्यात क्लोरीन नको, आणि कालवलेली लस दोन तासांत संपली पाहिजे. बाटली बर्फात आणा.

एखाद-दुसरा पक्षी दगावतो, मन तयार ठेवा. धडधाकट नर अचानक पंख फडफडवून उताणा पडून मरतो, तो हृदयाचा प्रकार आहे, संसर्ग नाही. पण एका दिवसात बरेच पक्षी गेले तर एकही कापून बघू नका, खाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

रानवाट
थोडा वेगळा सूर लावते. ज्या पक्ष्याचं हृदय आणि पाय त्याच्याच वजनाला पुरत नाहीत, तो घरच्यासाठी का पाळायचा? सावकाश वाढणारे रंगीत पक्षी मिळतात, दहा-बारा आठवड्यांत तयार होतात, चरतात, धावतात. फ्रान्समध्ये 'लाबेल रूज' या दर्जाच्या कोंबडीला किमान ८१ दिवस वाढवावंच लागतं, आणि लोक ती चवीसाठी मागून घेतात. घरी विकायची घाई नसते, मग दीड महिन्याचा हट्ट कशाला?

तूसकाडी
रानवाट, मुद्दा मनापासून पटतो. ज्यांच्याकडे कुंपण घातलेली मोकळी जागा आहे आणि बारा आठवडे मुंगूस, कुत्री, घारी यांच्यापासून राखण करायची तयारी आहे त्यांनी तेच करावं. खाद्य जास्त लागतं, किलोला किलो मोजलं तर बरंच जास्त. मांस घट्ट आणि चवदार.

पण ब्रॉयलर पाळायचाच तर हालात पाळावा असं नाही. पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट, घरी दीड द्या. खाद्य आणि पाणी मुद्दाम लांब ठेवा म्हणजे चालणं होईल. पहिल्या आठवड्यानंतर रात्री सलग चार ते सहा तास पूर्ण अंधार द्या. रात्रभर दिवा ठेवून खायला घातलं तर वजन थोडं लवकर येतं, पण पाय आणि हृदय त्याची किंमत मोजतात. अंधारात पक्षी झोपतो, हाडं भरतात. उन्हाळी दुपारी चार-पाच तास खाद्य उचलून ठेवा, कारण पचनाचीच अंगात उष्णता होते. गार पाणी मात्र सतत. एरवी पाणी खाद्याच्या दुप्पट धरा, उकाड्यात त्याहून बरंच जास्त. छताला चुना फासा.

कोवळं_ऊन
घरात चर्चा झाली. या खेपेला ब्रॉयलरच, पण २५ ऐवजी १५, आणि दोन टप्प्यांत कापायचे. सासूबाईंनी आकडे दोनदा वाचून घेतले, मग म्हणाल्या, "अंधार मी करीन रोज." आता कापण्याबद्दल कुणी नीट लिहील का? आमच्याकडे हे काम कुणी हाताने केलेलं नाही, आणि पक्ष्याला त्रास होऊ नये असं फार वाटतं.

खुराडं
आधी जाणत्या माणसाशेजारी उभं राहून एकदा बघा, सुरी हातात मग घ्या.

कापण्याआधी आठ ते बारा तास खाद्य काढून घ्या, पाणी पकडेपर्यंत ठेवा. आतडं रिकामं असेल तर मांसाला घाण लागत नाही. बारा तासांच्या वर उपाशी ठेवू नका, आतडं नाजूक होऊन फाटतं. पहाटे अंधारातच पकडा, पक्षी शांत असतात. एका पायाने उचलू नका, दोन्ही हातांनी पंखांसकट धरा. एकासमोर दुसरा कापू नका.

पत्र्याचा शंकूसारखा नरसाळा भिंतीला लावा, पक्षी त्यात डोकं खाली करून ठेवला की पंख आवळले जातात आणि तो निवांत होतो. सुरी अगदी धारदार, प्रत्येक दोन-तीन पक्ष्यांनंतर पुन्हा धार. जबड्याच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका घावात, न अडखळता. रक्त निथळायला दोन-तीन मिनिटं द्या. पूर्ण शांत झाल्याशिवाय पाण्यात घालू नका.

पिसांसाठी पाणी ६० अंशांच्या थोडं वर, उकळतं नको, कातडी शिजून फाटते. पाऊण ते एक मिनिट हलवत राहा. पंखाचं मोठं पीस ओढल्यावर सहज निघालं की बाहेर काढा. पोट उघडताना सुरीचं टोक वर ठेवा. यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, जिथे लागेल तिथे मांस कडू होतं. साफ झालं की लगेच बर्फाच्या पाण्यात. आतपर्यंत ४ अंशांच्या खाली आलं पाहिजे. त्याच दिवशी शिजवू नका, स्नायू आखडलेले असतात. फ्रिजमध्ये एक दिवस राहू द्या, मग शिजवा किंवा गोठवा. कच्च्या मांसाची पाटी, सुरी वेगळी, आणि शिजवताना आतलं तापमान ७४ अंशांवर जाऊ द्या. पिसं-आतडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, वर दगड. नाहीतर कुत्री उकरतात आणि मग शेडकडे वळतात.

रानवाट
माझा एकच प्रश्न. शेडमधलं वापरलेलं तूस थेट भाजीच्या वाफ्यात घातलं तर चालतं का?

पशुवैद्य_निवृत्त
थेट नको. ताजी कोंबडी विष्ठा फार तीव्र असते, रोपांची मुळं जळतात, शिवाय साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू भाजीवर येऊ शकतो. शेडपासून लांब ढीग करा, पाणी शिंपडून, वरून झाकून. आत हात धरवणार नाही इतका तो तापतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी उलथत राहा, तापणं थांबून मातीसारखा वास आला की वाफ्यात घाला. शेड धुऊन, चुना मारून, पुढची पिल्लं आणण्याआधी किमान दोन आठवडे रिकामी कोरडी राहू द्या. आणि कोवळं_ऊन, तुमच्या जुन्या कोंबड्या त्या ढिगावर उकरायला येतील, त्याला आधी जाळी लावा.